घाण्याच्या बैलाचे एक लाख शनिवार

आमच्या यवतमाळकडे पोळ्याच्या आदल्या संध्याकाळी बैलाचे खांदे तूप-हळदीने चोळतात आणि त्याला उद्याच्या जेवणाचं आवतण देतात. दुसऱ्या दिवशी त्याला कामाला जुंपायचं नाही. वर्षातला हा एक दिवस त्याचा. त्यामुळे कोकणातल्या एका बैलाच्या सुट्ट्या मोजायला घेतल्या, तेव्हा मी चक्रावून गेलो.

रायगडचे बेने इस्रायल म्हणजे मराठी बोलणारे ज्यू. रोहेकर, पेणकर, किहीमकर अशी गावावरून पडलेली त्यांची आडनावं, आणि पिढ्यानपिढ्यांचा धंदा तेल गाळण्याचा. शुक्रवारी सूर्य मावळला की घाणा बंद, तो शनिवारी चांदण्या दिसेपर्यंत. गावकऱ्यांनी त्यांचं नाव ठेवलं शनिवार तेली. शब्बाथची, म्हणजे शनिवारच्या विसाव्याची, ही आज्ञा नुसती माणसासाठी नाही. घरच्या चाकराने, दारी आलेल्या परक्याने आणि बैलानेही त्या दिवशी विसावा घ्यायचा, असं ज्यूंचा धर्मग्रंथ तोरा स्पष्ट सांगतो.

आता हिशोब. त्यांची परंपरा सांगते की दोन हजारांहून अधिक वर्षांपूर्वी अलिबागजवळच्या नवगावच्या किनाऱ्यावर जहाज फुटलं आणि सात पुरुष व सात बायका तेवढ्या वाचल्या. इतिहासकारांचं या काळावर एकमत नाही. आपण परंपरेची दोन हजार वर्षंच धरू. त्यात शनिवार येतात सुमारे 1,04,355. एकापुढे एक ठेवले तर सुमारे 286 वर्षं होतात. शिवरायांच्या राज्याभिषेकाला, 1674 ला, घाणा थांबवला असता, तर तो 1960 पर्यंत थांबलेलाच राहिला असता!

आणि हे सगळं पोथीशिवाय. तोरात 3,04,805 अक्षरं आहेत. लेखनिक ती चामड्यावर हाताने उतरवतो, वर्षभर तरी बसतो. आज्ञा 613. नवगावला उतरलेल्यांजवळ, परंपरेप्रमाणे, यातलं लिहिलेलं काहीच उरलं नव्हतं, ग्रंथ समुद्रात गेले होते. उरली ती ‘शमा’ची प्रार्थना, जिची पहिली ओळ हिब्रूत अवघ्या सहा शब्दांची, मुलाची सुंता, खाण्यापिण्याचे नियम आणि शनिवार. शनिवार टिकवायला वाचता यावं लागत नाही, आठवड्यातून एकदा हात थांबवावा लागतो. माझ्या मते यामुळेच तो टिकला.

सण त्यांनी मराठीतच सांभाळले. नव्या वर्षाचा नव्याचा सण, आणि खिरीचा सण. वर्ष चांद्र-सौर, त्यामुळे आपल्यासारखाच धोंड्याचा महिना त्यांनाही लागतो: 19 वर्षांत 7 वेळा.

चौदा माणसांची 1948 च्या सुमारास वीस हजार झाली. म्हणजे दोन हजार वर्षांत साडेदहा वेळा दुप्पट, सरासरी एका दुपटीला 190 वर्षं. इतकी सावकाश वाढलेली वस्ती काही दशकांत इस्रायलला गेली. 2011 च्या जनगणनेत एकट्या यवतमाळ जिल्ह्यात 27 लाखांवर माणसं होती. अख्ख्या भारतात ज्यू पाच हजारही नव्हते. मुंबईच्या मांडवीत सॅम्युएल दिवेकरांनी 1796 मध्ये बांधलेलं सिनेगॉग मात्र उभं आहे. बेने इस्रायल प्रार्थनाघराला मशीदच म्हणत, आणि शेजारच्या मशीद बंदर स्टेशनचं नाव याच मशिदीवरून पडलं असं सांगतात.

इस्रायलला गेलेल्यांतले पुष्कळ जण दिमोनात आहेत, तिथल्या नेगेवच्या वाळवंटात. घाणा आता नाही. नवगावात शुक्रवारी सूर्य मावळला की फक्त त्यांचाच बैल सुटायचा, बाकी गाव चालू असायचा. दिमोनात त्याच वेळी रस्त्यावरच्या बसही थांबतात.