मिळकतीचा वारसा : मृत्युपत्र, प्रोबेट आणि सात-बारा

मृत व्यक्तीची मिळकत कोणाकडे जाते, हे दोन गोष्टींवर ठरते: तिने मृत्युपत्र केले होते का, आणि केले नसल्यास तिला कोणता वारसा कायदा लागू होतो. सातारा आणि सांगली जिल्ह्यांत बहुतेक कुटुंबांची मुख्य मिळकत म्हणजे शेतजमीन आणि गावठाणातले घर. त्यामुळे वारशाचा प्रश्न आधी तलाठ्याच्या दफ्तरात येतो आणि तिथे मिटला नाही तर न्यायालयात जातो.

मृत्युपत्र नसेल तर हिंदूंना, तसेच बौद्ध, जैन आणि शिखांना हिंदू उत्तराधिकार अधिनियम, 1956 लागू होतो. पुरुषाच्या स्वकष्टार्जित मिळकतीत पत्नी, मुलगे, मुली आणि आई यांना समान हिस्सा मिळतो. आईचा हा हक्क पुष्कळदा विसरला जातो. वडील मात्र या पहिल्या वर्गात येत नाहीत. वडिलोपार्जित एकत्र मिळकतीत महाराष्ट्राने 1994 मध्ये मुलींना मुलांबरोबरीचा जन्मसिद्ध हक्क दिला, पण त्याआधी लग्न झालेल्या मुली त्यातून वगळल्या होत्या. 9 सप्टेंबर 2005 पासून लागू झालेल्या केंद्रीय दुरुस्तीने ही मर्यादा गेली. त्या तारखेला वडील हयात असण्याची गरज नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने 11 ऑगस्ट 2020 रोजी विनीता शर्मा खटल्यात स्पष्ट केले. 20 डिसेंबर 2004 पूर्वी नोंदणीकृत दस्ताने किंवा न्यायालयाच्या हुकूमनाम्याने झालेली वाटणी मात्र यामुळे मोडत नाही.

मृत्युपत्र साध्या कागदावर करता येते. त्याला मुद्रांक लागत नाही आणि नोंदणीचीही सक्ती नाही. भारतीय उत्तराधिकार अधिनियम, 1925 प्रमाणे ते करणाऱ्याची सही किंवा अंगठा आणि किमान दोन साक्षीदारांच्या सह्या आवश्यक असतात. प्रत्येक साक्षीदाराने ती सही होताना पाहिलेली असावी किंवा करणाऱ्याने ती आपली असल्याचे त्याच्यासमोर कबूल केलेले असावे. पुढे वाद झाल्यास हयात साक्षीदारांपैकी किमान एकाची साक्ष न्यायालयात व्हावी लागते, मग मृत्युपत्र नोंदणीकृत असले तरीही. म्हणून साक्षीदार करणाऱ्यापेक्षा वयाने लहान, ओळखीचे आणि मिळकतीत काहीही न मिळणारे असावेत, असा सल्ला वकील देतात. लाभ घेणाऱ्यानेच मृत्युपत्र तयार करण्यात पुढाकार घेतला किंवा पत्नी-मुलांना कारण न देता वगळले, तर न्यायालय त्याकडे संशयाने पाहते आणि तो दूर करण्याची जबाबदारी मृत्युपत्र पुढे करणाऱ्यावर टाकते. एकत्र कुटुंबाच्या जमिनीतला फक्त स्वतःचा हिस्साच मृत्युपत्राने देता येतो. मुस्लिम व्यक्तीला वारसांच्या संमतीवाचून एक तृतीयांशापेक्षा अधिक मिळकत अशी देता येत नाही.

प्रोबेट म्हणजे मृत्युपत्र खरे आहे असे ठरवून न्यायालयाने आपल्या शिक्क्यानिशी दिलेली त्याची प्रमाणित प्रत. मृत्युपत्रात व्यवस्थापक, म्हणजे एक्झिक्युटर, नेमलेला असेल तर त्यालाच प्रोबेट मिळते. तसा कोणी नसेल तर लाभार्थ्याला प्रशासनपत्रासाठी अर्ज करावा लागतो. अर्ज जिल्हा न्यायाधीशांकडे जातो आणि वारसांना नोटिसा निघतात. कोणी हरकत घेतली तर प्रकरण दाव्यासारखे चालते. सातारा आणि सांगलीच्या निकालांवरील उच्च न्यायालयातली अपिले 18 ऑगस्ट 2025 पासून कोल्हापूरच्या सर्किट बेंचकडे जातात.

सातारा-सांगलीतल्या हिंदू माणसाने गावच्या मिळकतीपुरते केलेल्या मृत्युपत्राला प्रोबेटची सक्ती कधीच नव्हती. महाराष्ट्रात ती मुंबई शहरापुरती होती. त्यामुळे पाटण किंवा जावळीतून मुंबईला गेलेल्या माणसाची गावची जमीन प्रोबेटशिवाय वारसाच्या नावे होई, पण मुंबईतल्या खोलीसाठी उच्च न्यायालयाची पायरी चढावी लागे. 2025 च्या दुरुस्ती कायद्याने 1925 च्या अधिनियमातील ही सक्ती घालणारे कलम 213 वगळले. तरीही वारसांत भांडण असेल किंवा मिळकत अनेक राज्यांत विखुरलेली असेल तर प्रोबेट उपयोगी पडते. विटा-आटपाडी भागातील गलाई (सोने-चांदी गाळण्याच्या) व्यावसायिकांची दुकाने आणि घरे अनेक राज्यांत आहेत. जिल्हा न्यायालयाचे प्रोबेट सहसा महाराष्ट्रापुरतेच चालते. परराज्यातली मिळकत 10,000 रुपयांहून अधिक असेल तर देशभर चालणाऱ्या प्रोबेटसाठी उच्च न्यायालयात जावे लागते. प्रोबेटने मृत्युपत्राचा खरेपणा सिद्ध होतो, पण मिळकत मुळात मृताचीच होती का, हे त्यात ठरत नाही.

वारसनोंदीची मर्यादा याहूनही मोठी आहे. मृत्यूचा दाखला आणि वारसांचे प्रतिज्ञापत्र घेऊन तलाठ्याकडे किंवा ई-हक्क प्रणालीवर अर्ज केला की गाव नमुना 6-क मध्ये वारसांची नोंद होते. मग फेरफार धरला जातो, नोटीस निघते आणि मंडल अधिकारी तो मंजूर करतात. मिळकत मिळाल्याची माहिती तीन महिन्यांत द्यावी, असे महाराष्ट्र जमीन महसूल संहिता, 1966 सांगते. मात्र सात-बारावरील नाव महसुलापुरते असते. त्याने हक्क निर्माण होत नाही आणि नाव नसल्याने बहिणीचा हिस्सा बुडतही नाही.

बँक आणि पतसंस्था यांतल्या नॉमिनी नेमणुकीचेही असेच आहे. नॉमिनी पैसे स्वीकारतो, पण ते मालक म्हणून नव्हे. ‘कालनिर्णय’चे संस्थापक जयंत साळगावकर यांच्या मृत्युपत्रावरून सुरू झालेल्या दाव्यात सर्वोच्च न्यायालयाने 14 डिसेंबर 2023 रोजी हेच तत्त्व कंपन्यांच्या शेअर्सना लावले. नॉमिनी नसेल तर ठेवी आणि रोख्यांसाठी उत्तराधिकार प्रमाणपत्र मागतात. जुन्या मुंबई इलाख्यातला 1827 चा आठवा रेग्युलेशन अजून लागू असल्याने दिवाणी न्यायालयातून वारस दाखलाही घेता येतो.

हयातीतच मिळकत द्यायची असेल तर बक्षीसपत्र करतात. पती, पत्नी, मुले, नातवंडे किंवा दिवंगत मुलाची पत्नी यांना राहते घर अथवा शेती दिली तर मूळ मुद्रांक शुल्क 200 रुपये लागते. नोंदणी मात्र सक्तीची असते आणि भोगवटादार वर्ग 2 च्या जमिनीसाठी आधी परवानगी लागते. आई-वडिलांनी बक्षीसपत्रात सांभाळ करण्याची अट लिहून ठेवावी. ती मोडली तर 2007 च्या ज्येष्ठ नागरिक कायद्याखाली न्यायाधिकरण बक्षीस रद्द करू शकते. बहिणी भावाच्या नावे हक्कसोडपत्र करतात तेव्हा तो दस्तही नोंदवावाच लागतो आणि एकदा केल्यावर सहज मागे घेता येत नाही. म्हणून सही करण्याआधी बहिणीने स्वतःच्या वकिलाकडून तो वाचून घ्यावा.

गतिमंद किंवा अज्ञान मुलाची सोय करायची असेल तर भारतीय न्यास अधिनियम, 1882 खाली खासगी ट्रस्ट करता येतो. त्यात मिळकत विश्वस्तांच्या ताब्यात राहते आणि उत्पन्न त्या मुलासाठी खर्च होते. स्थावर मिळकतीचा ट्रस्ट नोंदणीकृत दस्ताने किंवा मृत्युपत्राने करावा लागतो. देऊळ, शाळा किंवा दवाखान्यासाठी दिलेली मिळकत सार्वजनिक न्यासात गेली की तिला महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियम, 1950 लागू होतो. अशी जमीन विकायची तर धर्मादाय आयुक्तांची परवानगी लागते आणि विश्वस्त बदलले की 90 दिवसांत बदल अर्ज द्यावा लागतो.

वकिलाची फी परवडत नसेल तर सातारा आणि सांगलीच्या न्यायालयातील जिल्हा विधी सेवा प्राधिकरण किंवा तालुका समिती मोफत वकील देते. स्त्रिया, मुले, दिव्यांग, अनुसूचित जाती-जमातींतील व्यक्ती यांना त्यासाठी उत्पन्नाची अट नाही. इतरांसाठी वार्षिक मर्यादा 3 लाख रुपये आहे. 15100 या क्रमांकावर राष्ट्रीय मदतवाहिनी मिळते. वाटणीचा दावा लोकअदालतीत तडजोडीने मिटला तर भरलेले न्यायालय शुल्क परत मिळते आणि निवाड्यावर अपील होत नाही. म्हणून तडजोडीच्या कागदात गट क्रमांक, प्रत्येकाचे क्षेत्र, विहिरीच्या पाळ्या आणि शेताकडे जाणारी वाट आधीच स्पष्ट लिहून घ्यावी लागते.