इंजिनात हवा शिरते कशी?

नाशिकच्या सातपूर औद्योगिक वसाहतीत पूर्वीच्या मायको, म्हणजे २००८ पासूनच्या बॉश लिमिटेड कंपनीचा कारखाना आहे. डिझेल इंजिनात इंधन फवारणारे इंजेक्टर तेथे तयार होतात. पण इंधन कितीही बारीक फवारले, तरी ते जळायला सिलिंडरमध्ये पुरेशी हवा हवी. ती कमी पडली, की इंधन अर्धवट जळून काळा धूर निघतो.

थोडे गणित करू. अर्धा लिटर मापाचा सिलिंडर घेऊ. इंजिन मिनिटाला ३००० फेरे घेत असेल, तर पिस्टनला हवा आत ओढायला १/१०० सेकंद मिळतो. ही हवा झडपेमागच्या आखूड, वाकड्या वाटेने येते. या वाटेला इनटेक पोर्ट म्हणतात. तिचा छेद ८ चौरस सेंटिमीटर धरला, तर हवेचा सरासरी वेग सेकंदाला सुमारे ६० मीटर येतो!

पोर्ट आतून आरशासारखा घासला की हवा पुष्कळ वाढते, असा समज आढळतो. भिंतीच्या घर्षणाने अडथळा होतो हे खरे. पण वाट आखूड असल्याने तो बेताचाच असतो. मोठे नुकसान होते ते धारदार कडेपाशी आणि अचानक आलेल्या वळणावर. वेगातली हवा तेथे भिंत सोडते, मागे भोवरे उठतात आणि वाट जणू अरुंद होते. पाण्याचेही तसेच. धारदार कडेच्या भोकातून पडणारी धार भोकाच्या सुमारे ६२ टक्के क्षेत्रफळापर्यंत आक्रसते.

वर्गात हे करून पाहता येईल. दोन सारख्या बाटल्यांचे तळ कापा. बुचांत सारख्या नळ्या अशा बसवा, की त्यांची टोके आत सेंटिमीटरभर डोकावतील. एका टोकाभोवती मेणाचे गुळगुळीत नरसाळे घडवा. बाटल्या उलट्या धरून पाणी एका खुणेपासून दुसरीपर्यंत उतरायला लागणारा वेळ मोजा. नरसाळ्याची बाटली आधी रिकामी होते.

मग सर्वांत सरळ वाट सर्वांत चांगली का? नेहमीच नाही. पुष्कळ डिझेल इंजिनांत पोर्ट मुद्दाम मळसूत्री वळणाचा करतात. हवा थोडी कमी येते, पण गरगरत येते आणि इंधनात नीट मिसळते.

विद्यार्थ्यांना एक प्रश्न विचारावा: शेतातल्या लांबलचक पाइपलाइनमध्ये मात्र भिंतीचे घर्षणच भारी का ठरते?