नदीची नाडी कोण पाहणार?

मुळशी तालुक्यात खाटपेवाडीच्या परिसरात उगम पावणारी रामनदी भूगाव, बावधन, पाषाण असा प्रवास करीत औंधजवळ मुळेला मिळते. उण्यापुऱ्या वीस किलोमीटरांची ही नदी. एरवी तिला नाला म्हणणाऱ्या पुणे शहराला ऑक्टोबर २०१० मधील पुराने ती नदी असल्याचे स्मरण करून दिले. पूर ओसरला, तसे ते स्मरणही ओसरले.

वस्तुतः अशा नदीचा विचार आपल्याकडे दोनच अंगांनी होतो. जलसंपदा खाते पूररेषा आखते. पंचवीस वर्षांतून एकदा संभवणाऱ्या पुराची निळी आणि शंभर वर्षांतून एकदा संभवणाऱ्या पुराची लाल. प्रदूषणाची चौकशी करणारे बाटलीभर पाणी प्रयोगशाळेत नेतात. दोन्ही आवश्यकच, परंतु बाटलीतले पाणी त्या दिवसापुरती साक्ष देते, पात्र मात्र अनेक वर्षांची.

ही साक्ष नोंदविण्याची एक साधी पद्धत १९९० नंतरच्या दशकात ब्रिटनमध्ये रूढ झाली. नदीचा ५०० मीटरांचा पट्टा घ्यावयाचा आणि दर ५० मीटरांवर थांबून पाहावयाचे : तळाशी खडक, गोटे, वाळू आहे की गाळ, पाणी खळाळते की तुंबले आहे, काठ मातीचा की काँक्रीटचा, वर झाडांची सावली आहे की नाही. या नोंदी क्षुल्लक नव्हेत. खळाळात प्राणवायू पाण्यात मिसळतो, गोट्यांच्या फटींत कीटकांच्या अळ्या वाढतात, त्यांवर मासे जगतात आणि उन्हाळ्यात डोहांचा आश्रय घेतात. गाळाने फटी बुजल्या, डोह भरावाखाली गेले, तर उद्या सांडपाणी शुद्ध करूनही मासा परतणार नाही. कारण त्याचे घरच उरलेले नसेल.

अर्थात परकी तक्ते जसेच्या तसे उचलून चालणार नाही. आपल्या नद्या काळ्या पाषाणावरून वाहणाऱ्या, पावसाळ्यात फुगणाऱ्या आणि वैशाखात डबक्यांपुरत्या उरणाऱ्या. म्हणून पाहणी पावसाळ्यानंतर एकदा व उन्हाळ्यात एकदा, अशी दोनदा व्हावी. मोजपट्टी, नोंदवही आणि काठाने चालणारे पाय एवढेच भांडवल त्यास लागते. भूगोल व जीवशास्त्र शिकविणाऱ्या महाविद्यालयांना ते जड नाही.

‘आणखी एक अहवाल कशाला?’ असे कोणी विचारील. उत्तर सरळ आहे. राडारोडा टाकून पात्र आवळले जाते, सुशोभनाच्या नावाने भिंती उभ्या राहतात, तेव्हा काय गेले हे सिद्ध करावयास पूर्वीची नोंद नसते. नोंद नसलेल्या नदीची हानीही नोंदली जात नाही. पुढची भिंत उभी राहण्यापूर्वी तरी हे काम व्हावे.