काचेच्या पाठीवरचे चित्र

तंजावूरचा राजवाडा म्हटला की मराठी माणसाला सरस्वती महाल आठवतो. पण दुसरे सरफोजी राजे यांच्या काळात, १७९८ ते १८३२ या वर्षांत, तेथे ग्रंथांप्रमाणे चित्रकलेलाही आश्रय लाभला. फळीवरील सोनेरी वर्खाची तंजावरी चित्रे सर्वश्रुत आहेत. काचेच्या पाठीवर रंगविलेले चित्र हे त्यांचे धाकटे भावंड. अठराव्या शतकात चीनकडून भारतात आलेली ही रीत घरीही साधता येते.

साहित्य थोडके लागते : तावदानाची सपाट काच, बारीक कुंचले, तैलरंग, बेगड आणि चौकट. काचेच्या धारा कुरुंदाच्या दगडावर पाणी घालून बोथट कराव्यात. बोटांचा तेलकटपणा पुसून टाकावा. नाही तर रंग धरत नाही. आराखडा काचेखाली ठेवावा.

खरी मेख क्रमात आहे. फळीवर शेवटी येणारी नाजूक रेघ येथे सर्वांत आधी काढावी लागते. प्रथम डोळे व दागिने, मग वस्त्रे, शेवटी पार्श्वभूमी. दागिन्यांच्या मोकळ्या जागी मागून बेगड लावतात. डावे-उजवेही उलटते, बाळकृष्णाच्या उजव्या हाती लोणी हवे, तर आराखडा उलटाच काढावा. एकदा वरचा थर चढला की खालची रेघ सुधारता येत नाही.

रंग काचेत मुरत नाही, नुसता चिकटून राहतो. दमट हवेत त्याचे पापुद्रे सुटतात. म्हणून श्रोतेहो, घरी आजोबांच्या वेळचे असे चित्र असेल, तर मागून ओले फडके कदापि फिरवू नका. पिढ्यांचा ठेवा क्षणात पुसला जाईल.