दोन दिवसांची अयोध्या

थायलंडला जाऊन आलेला मराठी माणूस ओळखणे फारसे अवघड नाही. त्याच्या मोबाईलमध्ये समुद्रकिनाऱ्याची छायाचित्रे असतात, बॅगेत हत्तींच्या नक्षीच्या ढगळ विजारी असतात, आणि ‘तिथली जुनी राजधानी पाहिलीत का हो?’ असे विचारले की उत्तर येते, ‘पाहिली ना! सहलीतच होती. दोन तास!’

या दोन तासांबद्दलच मला आज चार शब्द लिहायचे आहेत. जी नगरी ४१७ वर्षे एका राज्याची राजधानी होती, तिला आपण रेल्वेच्या जंक्शनावर गाडी बदलण्याइतका वेळ द्यावा, हे काही मनाला पटत नाही. थोडा विचार करून बेत आखला, तर दोन दिवसांत, बेताच्या खर्चात आणि म्हाताऱ्या माणसांनाही झेपेल अशा रीतीने हे गाव पाहता येते. गेल्या हिवाळ्यात आम्ही चौघांनी तसे ते पाहिले.

या गावाचे नाव अयुथ्या. थायी लोक पूर्ण नाव घेताना ‘फ्रा नाखोन सी अयुथ्या’ म्हणतात. त्यातले ‘नाखोन’ म्हणजे आपले नगर, ‘सी’ म्हणजे श्री, आणि अयुथ्या म्हणजे अर्थातच अयोध्या. रामाच्या नगरीचे नाव आपल्या राजधानीला द्यावे असे राजा उ थाँग याला वाटले आणि १३५० साली त्याने हे शहर वसवले. गादीवर बसताना त्याने स्वतः घेतलेले नावही ‘रामाधिपती’ असे होते.

आमच्या घरी बेत ठरत होता तेव्हा मुलीने कागदावर लिहिले होते, ‘अयुथ्या : अर्धा दिवस’. आई शेजारी वाती वळत बसली होती. वय ७४, गुडघे कुरकुरणारे, पण कान शाबूत. ती म्हणाली, “अगं, अयोध्या नाव असलेल्या गावाला जायचं, आणि हळदीकुंकवाला गेल्यासारखं उभ्या उभ्या परत यायचं?”

मुलगी म्हणाली, “आजी, ती खरी अयोध्या नाही गं.”

“नसू दे. नाव तर त्याचंच आहे ना?”

यावर वादाला जागा उरली नाही. सौ.ने बँकॉकच्या बाजारातला एक दिवस मोठ्या मनाने कमी केला आणि अयुथ्येत एक रात्र मुक्काम ठरला. माझे वाचकांना पहिले सांगणे हेच आहे. एक रात्र तेथे राहा. मोठाल्या बसगाड्या साधारण दुपारी येतात, म्हणजे ऊन डोक्यावर असते आणि गर्दीही तेव्हाच असते. मुक्काम असला की सकाळ आणि संध्याकाळ या दोन्ही चांगल्या वेळा आपल्या पदरात पडतात.

आता जायचे कसे ते पाहू. अयुथ्या बँकॉकच्या उत्तरेला सुमारे ८० किलोमीटरवर आहे. रस्त्याने दीड तास लागतो, पण मी आगगाडीची शिफारस करीन. लांब पल्ल्याच्या गाड्या २०२३ पासून क्रुंग थेप अपिवात या नव्या, भव्य स्थानकातून सुटतात. काही साध्या गाड्या अजून हुआ लांफोंगच्या जुन्या स्थानकातून निघतात. तिसऱ्या वर्गाच्या डब्यात पंखे असतात, खिडक्या उघड्या असतात, फेरीवाले येत-जात असतात, आणि तिकीट आपल्याकडच्या दोन वडापावांपेक्षा फारसे महाग नसते. ज्यांचे विमान डॉन मुआंग विमानतळावर उतरते त्यांना तर बँकॉकात शिरायचेही कारण नाही. समोरच त्याच मार्गावरचे रेल्वेस्थानक आहे. तेथून गाडीत बसावे आणि थेट अयुथ्येला उतरावे.

जाण्यापूर्वीची कागदपत्रे मात्र नीट पाहावीत. १ मे २०२५ पासून थायलंडला जाणाऱ्या प्रत्येक परदेशी पाहुण्याला पोचण्याआधीच्या तीन दिवसांत एक आगमनपत्र संगणकावरून भरावे लागते. ते विनामूल्य आहे, तेव्हा त्यासाठी कोणी पैसे मागू लागला तर त्याला नमस्कार करावा. व्हिसाचे नियम अलीकडे अनेकदा बदललेले आहेत. ते शेजाऱ्याला विचारू नयेत, तिकीट काढण्यापूर्वी वकिलातीच्या संकेतस्थळावर पाहावेत.

गावाची रचना एकदा ध्यानात आली की पुढचे सोपे होते. चाव फ्राया, पा साक आणि लोप बुरी या तीन नद्या येथे एकत्र येतात आणि त्यांच्या वेढ्यात जुने शहर एखाद्या बेटासारखे वसलेले आहे. रेल्वेस्थानक बेटाच्या बाहेर, पूर्वेला आहे. तरुण मंडळींनी स्थानकासमोरून चालत जाऊन होडीने नदी ओलांडावी आणि पलीकडे भाड्याची सायकल घ्यावी. गाव सपाट आहे, दम लागत नाही. गुडघेदुखीवाल्यांनी टुकटुक करावी. येथल्या टुकटुकचे तोंड बेडकासारखे फुगीर असते, बसायला बाके समोरासमोर असतात, आणि ती तासांच्या हिशेबाने ठरवता येते. भाव मात्र चढण्यापूर्वी ठरवावा.

पहिल्या दिवशी दुपारी विश्रांती घ्यावी आणि चारच्या सुमारास नदीच्या पश्चिम तीरावरचे वाट चायवत्थनाराम गाठावे. ‘वाट’ म्हणजे विहार किंवा मंदिर. राजा प्रासात थाँगने हे १६३० साली बांधले. मधोमध उंच शिखर, भोवती लहान शिखरे, आणि मागे मावळतीचा सूर्य. येथे थायी मुली जुन्या दरबारी वेषात नटून छायाचित्रे काढताना दिसतील. २०१८ साली अयुथ्येच्या काळावरची एक दूरचित्रवाणी मालिका तेथे अफाट गाजली, तेव्हापासून ही हौस वाढली. वेष भाड्याने मिळतात. आमच्या कन्यकेने तो नेसलाच, आणि सौ.नेही ‘नको, नको’ म्हणत खांद्यावर पट्टा घेऊन पाहिला.

दुसऱ्या दिवशी सकाळी आठच्या सुमारास दारे उघडताच वाट महाथातमध्ये असावे. येथेच ते प्रसिद्ध दृश्य आहे. झाडाच्या मुळांनी कवटाळलेले बुद्धाचे मस्तक, आणि त्यावरचे ते शांत, अर्धवट हसू. छायाचित्र काढताना खाली बसावे, आपले डोके बुद्धाच्या मस्तकापेक्षा उंच ठेवू नये, असा तेथला रिवाज आहे.

समोरच वाट राचाबुराना आहे, आणि त्याची हकिकत ऐकून मराठी माणसाला फार दूरचे वाटणार नाही. १४२४ साली राजा वारला तेव्हा दोन थोरल्या राजपुत्रांनी गादीसाठी हत्तींवरून द्वंद्व केले आणि दोघेही ठार झाले. तिसरा भाऊ आपसूक राजा झाला. त्याने भावांच्या स्मृतीसाठी हे मंदिर उभारले. भाऊबंदकी हा काही आपला एकट्याचा वारसा नाही! १९५७ साली चोरांनी याच्या तळघरातले सोने लुटले. जे वाचले ते चाव साम फ्राया संग्रहालयात ठेवले आहे. हे संग्रहालय १९६१ साली उघडले आणि त्याला नाव मिळाले ते त्याच तिसऱ्या भावाचे. दुपारच्या उन्हात तेथे जावे. डोळ्यांना सोने, अंगाला गारवा.

दुपारपूर्वी वाट फ्रा सी सान्फेत पाहून घ्यावे. तीन घंटाकृती स्तूप ओळीने उभे आहेत. हे राजवाड्यातले देवघर. येथे सोन्याने मढवलेली सुमारे १६ मीटर उंचीची बुद्धमूर्ती होती. १७६७ च्या एप्रिलमध्ये दीर्घ वेढ्यानंतर ब्रह्मी सैन्य शहरात शिरले, तेव्हा त्यांनी ते सोने वितळवून नेले. शहर जाळले गेले. पानिपताला तेव्हा सहाच वर्षे झाली होती आणि पुण्यात थोरल्या माधवरावांचा अंमल होता. ‘अयोध्या’ म्हणजे जिच्याशी युद्ध करता येत नाही ती. पण ही नगरी १५६९ मध्ये एकदा आणि १७६७ मध्ये दुसऱ्यांदा पडली. दुसऱ्या वेळी ती पुन्हा राजधानी झाली नाही. तिच्या विटासुद्धा होड्यांतून खाली नेऊन नव्या बँकॉकच्या बांधकामाला लावल्या.

ही नगरी भरात होती तेव्हा साऱ्या जगाचे लोक येथे नांदत. १५१० साली गोवा घेणाऱ्या आल्बुकर्कने पुढच्याच वर्षी मलाक्का जिंकले आणि आपला दूत येथे धाडला. पोर्तुगीज, जपानी, डच यांच्या वसाहती नदीकाठी होत्या. राजा नारायच्या काळात, १६८६ साली, येथले वकील फ्रान्सच्या चौदाव्या लुईच्या दरबारात जाऊन आले. वेळ उरला तर त्या वसाहतींच्या जागा पाहाव्यात. नाही उरला तर खुशाल सोडून द्याव्यात, पण वाट फनान चोएंग सोडू नये. शहर वसण्याआधीचे, १३२४ सालचे हे मंदिर आजही जागते आहे. १९ मीटर उंचीच्या बैठ्या बुद्धापुढे उदबत्त्यांचा धूर आणि घराघरांतून आलेली माणसे पाहिली की अवशेषांनी आलेली उदासी उतरते.

खाण्याचे म्हणाल तर शाकाहारी मंडळींनी ‘जे’ हा एक शब्द पाठ करावा. पिवळ्या पाटीवर लाल अक्षरांत तो लिहिलेला असतो, आणि त्या दुकानात मांसमच्छी नसते. इतरत्र भाजीतही माशाचा रस पडतो, म्हणून ‘माइ साइ नाम प्ला’ म्हणजे ‘तो घालू नका’ असे सांगावे. गोडात ‘रोती साय माई’ खायचीच. पातळ, मऊ रोटीत साखरेचे बारीक धागे गुंडाळून देतात, जणू आपले बुढ्ढी के बाल पोळीत भरले आहेत! गावातल्या मोठ्या इस्पितळासमोर याची दुकानेच दुकाने आहेत. आईने दशम्यांचा डबा तेथे प्रथमच बाजूला ठेवला.

आईची आणखी एक गोष्ट सांगायला हवी. महाथातमध्ये भिंतीकडेला बुद्धमूर्तींची रांग आहे. बहुतेकांना मस्तके नाहीत. काही लढाईत गेली, काही पुढे चोरांनी विकली. आमच्याकडे भंगलेली मूर्ती देवघरात ठेवत नाहीत, तिचे विसर्जन करतात. आई बराच वेळ त्या रांगेकडे पाहत उभी होती. एका मूर्तीच्या खांद्यावर कोणीतरी नुकतेच भगवे वस्त्र घातले होते. पायाशी ताजी फुले होती.

“डोकं नाही, तरी यांनी टाकला नाही हो देव,” ती सौ.ला म्हणाली. आणि गुडघ्यांची तक्रार न करता खाली बसून तिने हात जोडले.

दोन तासांच्या सहलीत हे बसणे बसले नसते.

शेवटी, जायचे केव्हा? मार्च ते मे ऊन सोसवत नाही. पावसाळ्याच्या अखेरीला नद्या फुगतात, आणि २०११ साली तर ही मंदिरे पुराच्या पाण्यात उभी होती. नोव्हेंबर ते फेब्रुवारी हा काळ उत्तम. त्यातही जमल्यास नोव्हेंबरातली पौर्णिमा गाठावी. त्या रात्री थायी लोक केळीच्या सोपटाचे द्रोण करून त्यांत फुले आणि दिवे ठेवतात व नदीत सोडतात. हा त्यांचा लोय क्राथोंग, आणि बहुतेक वर्षी तीच आपली त्रिपुरी पौर्णिमा असते. दिवाळीचा फराळ संपतो, आकाशकंदील अजून उतरवलेला नसतो, त्या सुमारास. डब्यात उरलेल्या चकल्या बरोबर घ्याव्यात आणि निघावे.