चोवीस जणी आणि एक नाव

स्तनाच्या कर्करोगाची शस्त्रक्रिया होऊन घरीं परतलेल्या बाईला काय सांगितलें जातें, तें आठवून पाहा. “भरलेली बादली उचलूं नकोस, कपडे पिळूं नकोस, त्या हाताला जप.” हा उपदेश मायेचा खरा, आणि एके काळीं बहुतेक डॉक्टरांचाहि तोच असे.

त्याला कारण होतें. शरीरांत पेशींभोंवतीं झिरपणारा रस बारीक वाहिन्यांतून पुन्हा रक्तांत मिसळतो. त्याला लसिका म्हणतात. हातांतील लसिका काखेंतील गांठींतून वाहते. रोगाच्या शोधासाठीं शस्त्रवैद्य या गांठी काढतो, तेव्हां ती वाट अडते व कांहीं जणींचा हात सुजून जड होतो. ही सूज एकदां आली कीं सहसा पुरती जात नाहीं. म्हणून त्या हाताला श्रम नकोत, असें ठरून गेलें होतें. पुरेसें पारखून मात्र कोणीं पाहिलें नव्हतें.

कॅनडांतील ब्रिटिश कोलंबिया विद्यापीठाचे क्रीडावैद्य डॉन मॅकेंझी यांना हें पटेना. स्नायु आकुंचन पावतांना लसिकेला पुढें ढकलतो; मग बेतानें वाढविलेल्या व्यायामानें अपाय कां व्हावा? १९९६ सालीं व्हँकूव्हर येथें त्यांनीं हा रोग झालेल्या २४ स्त्रिया जमविल्या, आणि खेळ निवडला तो ड्रॅगन-नावेचा. ही लांब, अरुंद नाव मूळची चीनची. शेजारीं शेजारीं बसून वीस जणी वल्हवितात. पुढें एक नगारा वाजविते, मागें एक सुकाणू धरते. वल्हें नावेला बांधलेलें नसतें. दोन्ही हातांनीं धरून पाण्यांत खुपसावयाचें आणि ओढावयाचें. म्हणजे ज्या हाताला जपावयाचें, त्याच्यावरच सारा भार! त्या स्त्रियांनीं आपला हातच पणाला लावला होता, हें विसरूं नये.

प्रथम जमिनीवर व्यायाम, मग पाण्यावर सराव, आणि अखेर शर्यत. कोणाचाहि हात नव्यानें सुजला नाहीं. ज्यांचा आधींच सुजलेला होता, त्यांची सूज वाढली नाहीं. हा वृत्तान्त १९९८ सालीं प्रसिद्ध झाला. चोवीस ही संख्या थोडी, असें कोणी म्हणेल, आणि तें योग्यच आहे. पण २००९ सालीं, हाताला सूज असलेल्या १४१ स्त्रियांच्या चाचणीचा निष्कर्ष अमेरिकेंत प्रसिद्ध झाला. त्यांतील सुमारें निम्म्या जणींनीं देखरेखीखालीं, हाताला दाब देणारी बाही घालून, क्रमाक्रमानें वजनें उचललीं. त्यांची सूज इतरांहून वाढली नाहीं; ती उफाळण्याचे प्रसंग उलट कमी झाले. अर्थात् आपल्या डॉक्टरांना विचारल्यावांचून कोणीं आरंभ करूं नये.

प्रयोग एका हंगामापुरताच होता. पण त्या बायका पांगेनात! याचें कारण, मला वाटतें, नावेच्या रीतींतच आहे. एकीनें अधिक जोर लावून ती पळत नाहीं. वीस वल्हीं एकाच क्षणीं पाण्यांत पडावीं लागतात. दमलेलीनें जोर कमी करावा, ताल सोडूं नये. घरीं भेटीला येणारे आवाज उतरवून प्रकृति विचारतात. येथें विचारावें लागत नाहीं, कारण शेजारणीला सर्व ठाऊक असतें.

पुढें असे संघ देशोदेशीं निघाले, आणि २०१० सालीं त्यांची आंतरराष्ट्रीय संस्था स्थापन झाली. त्यांच्या मेळाव्यांत शर्यती आटोपल्यावर नावा एकमेकींना धरून पाण्यावर थांबतात. मागच्या खेपेला शेजारीं बसलेली एखादी आज नसते. तिच्यासाठीं सगळ्या जणी गुलाबी फुलें पाण्यावर सोडतात, आणि मग वल्हीं उचलतात.