पोर कमवत नव्हतं, मग भरपाई कसली?

19 मे 2024 च्या पहाटे कल्याणीनगरमध्ये पोर्शे गाडीनं दोन तरुण इंजिनिअरांचा जीव घेतला आणि अल्पवयीन चालकाला जामिनाची अट म्हणून सांगितलेला 'तीनशे शब्दांचा निबंध' पुण्यातल्या घराघरात पोचला. त्याच वर्षी 23 डिसेंबरला, मध्यरात्र उलटल्यावर, वाघोलीत केसनंद फाट्याजवळ फुटपाथवर झोपलेल्या मजुरांच्या अंगावर डंपर गेला. अमरावतीकडून कामासाठी आलेली माणसं होती ती. तिघं गेली आणि त्यांतली दोन तर तान्ही पोरं, एक वर्षाचं आणि दोन वर्षांचं. चालक दारू प्यायलेला होता असं पोलिसांनी सांगितलं, त्याला अटक झाली, आणि बहुतेकांच्या लेखी विषय तिथंच मिटला.

दोन्ही वेळा कट्ट्यावर बोलणं झालं ते शिक्षेचं. भरपाईचा विषय निघाला की माणसं अवघडतात. 'पोराच्या जिवाचे पैसे घ्यायचे का?' असं कुणीतरी म्हणतं. या अवघडलेपणाचा फायदा कुणाला होतो, हे सांगायला नको. दुःखात बुडालेल्या आईबापांना कुणी तरी मध्यस्थ गाठतो, पन्नास हजार पुढे करतो आणि 'मिटवून टाका' म्हणतो. त्या मिटवण्यामागे जे समज असतात, ते एकेक करून पाहू.

'पोलिसात केस झालीये, तिथंच काय ते होईल'

होणार नाही. पोलिस ठाण्यात गुन्हा दाखल होतो तो राज्य विरुद्ध चालक असा. त्यात शिक्षा होईल, दंड होईल किंवा आरोपी सुटेल. भरपाईचा रस्ता वेगळा आहे. तो मोटार वाहन कायदा, 1988 च्या कलम 166 मधून जातो आणि पुण्यात शिवाजीनगरच्या जिल्हा न्यायालयात मोटार अपघात दावा न्यायाधिकरणापुढे पोचतो. वकिलांच्या बोलीत त्याला नुसतं 'एमएसीटी' म्हणतात. फौजदारी खटल्यात गुन्हा निःसंशय सिद्ध व्हावा लागतो. इथं शक्यतेचं पारडं कुणीकडे झुकतं एवढंच पाहतात. त्यामुळे चालक फौजदारीत सुटला, किंवा अल्पवयीन म्हणून त्याचं प्रकरण बाल न्याय मंडळाकडे गेलं, तरी दावा आपोआप बुडत नाही. मात्र पंचनामा, एफआयआर आणि शवविच्छेदन किंवा जखमांचा दाखला यांच्या प्रती लागतातच. त्या पहिल्या महिन्यातच मिळवून ठेवाव्यात.

'लहान मूल कमवत नव्हतं, मिळून मिळून किती मिळणार?'

सगळ्यात महाग पडणारा समज हाच आहे, आणि तो हवेतून आलेला नाही. 1994 साली कायद्याच्या दुसऱ्या अनुसूचीत न कमावणाऱ्या माणसाचं गृहीत उत्पन्न वर्षाला 15,000 रुपये धरलं गेलं. महागाई कुठल्या कुठे गेली, तो आकडा मात्र दोन दशकांहून जास्त काळ तसाच कागदावर राहिला. मुलांच्या दाव्यांत न्यायाधिकरणं तोच धरून गणित मांडत. सर्वोच्च न्यायालयानं 2013 मध्ये किशन गोपाल प्रकरणात दहा वर्षांच्या मुलासाठी तो 30,000 केला. तेव्हा ती मोठी सुधारणा वाटली होती.

खरा पालट झाला तो काजल विरुद्ध जगदीश चंद या 2020 च्या निकालानं. बारा वर्षांची मुलगी ट्रॅक्टरवरून जाताना ट्रकनं धडक दिली. मेंदूला मार बसला आणि ती कायमची परावलंबी झाली. न्यायाधिकरणानं 11 लाख दिले, उच्च न्यायालयानं 25 लाखांच्या वर नेले, सर्वोच्च न्यायालयानं 62 लाखांच्या पुढे. फरक पडला तो गणिताच्या रीतीनं. ही मुलगी मोठी होऊन काही ना काही कमावणारच होती, म्हणून कुशल कामगाराचं किमान वेतन धरलं. तिची काळजी घ्यायला दोन माणसं लागतील, प्रत्येकी बारा तास, असं मानून महिना दहा हजारांचा खर्च 18 या गुणकानं गुणला. एवढ्या एकाच बाबीचे 21 लाख 60 हजार झाले. आई घरी असतेच की, ती बघेल, हा आपला घरगुती हिशोब न्यायालयानं मान्य केला नाही. माझ्या मते त्या निकालातली सगळ्यात मोलाची गोष्ट हीच.

2025 मध्ये गुजरातमधल्या आठ वर्षांच्या मुलाच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयानं हे तत्त्व आणखी घट्ट केलं. अपघातात मृत्यू किंवा कायमचं अपंगत्व आलेल्या मुलाला 'न कमावणारा' या रकान्यात टाकायचं नाही. अपघात झाला त्या राज्यातलं कुशल कामगाराचं किमान वेतन धरायचं. त्या मुलाची भरपाई उच्च न्यायालयाच्या 8.65 लाखांवरून 35.90 लाखांवर गेली. कुणी तुम्हाला जुन्या पंधरा हजारांचं गणित दाखवून तडजोड सुचवत असेल, तर त्याला या निकालाचं साल विचारा.

'पोरगंच गाडीसमोर धावत आलं', 'ट्रिपल सीट होते', 'फुटपाथवर झोपायचंच कशाला?'

चूक आपलीच होती, असं आधी मनावर बिंबवलं जातं आणि मग दावाच होत नाही. पाच-सहा वर्षांच्या पोराकडून मोठ्या माणसाची सावधगिरी न्यायालयं अपेक्षित धरत नाहीत. ती चालकाकडून धरतात, विशेषतः वस्तीत आणि शाळेपाशी. ट्रिपल सीट बसणं हा वाहतुकीचा नियमभंग आहेच. पण त्या बसण्यामुळेच अपघात घडला किंवा मार वाढला हे दाखवल्याशिवाय भरपाई कापता येत नाही, असं 2020 च्या मोहम्मद सिद्दीक प्रकरणात ठरलं आहे. बापाची गाडी आणि समोरचा ट्रक, दोघांची चूक असली तरी मागं बसलेल्या मुलीचा दावा अर्धा होत नाही. तिला दोघांपैकी कुणाकडूनही पूर्ण रक्कम मागता येते. आणि फुटपाथवर झोपलेल्याला डंपर चुकवता येत नाही, हे सांगायला न्यायाधीश लागत नाही.

'दारू प्यायलेला होता, लायसन नव्हतं, म्हणजे विमा कंपनी हात वर करणार'

प्रयत्न करते खरी. पण त्रयस्थ माणसाचा विमा हा गाडीमालकाच्या सोयीसाठी नसून रस्त्यावरच्या माणसासाठी असतो. 2004 च्या स्वर्ण सिंग निकालानंतर रुळलेली वाट अशी: कंपनीनं आधी पीडिताला पैसे द्यायचे आणि मग ते मालकाकडून वसूल करायचे. सोसायटीत आठवी-नववीच्या मुलांच्या हाती स्कूटरची किल्ली देणाऱ्यांनी हे वाक्य दोनदा वाचावं, कारण वसुली तुमच्याकडूनच होणार. शिवाय कलम 199-अ प्रमाणे मुलानं गाडी चालवल्याबद्दल पालक किंवा मालकाला तीन वर्षांपर्यंत कैद आणि 25,000 रुपये दंड होऊ शकतो, गाडीची नोंदणी वर्षभर रद्द होते आणि त्या मुलाला पंचविशीपर्यंत लायसन मिळत नाही.

गाडी सापडलीच नाही तर? 'हिट अँड रन' साठी सरकारी योजना आहे. 1 एप्रिल 2022 पासून मृत्यूला 2 लाख आणि गंभीर दुखापतीला 50,000 रुपये.

'गावाकडचे लोक, पुण्याच्या कोर्टात किती खेटे घालणार?'

घालायची गरज नाही. दावा अपघात झाला तिथं किंवा दावेदार राहतो तिथंही करता येतो. वाघोलीत घडलेल्या अपघाताचा दावा अमरावतीत दाखल होऊ शकतो. मात्र मुदतीकडे लक्ष हवं. 2022 पासून सहा महिन्यांची मर्यादा आली आहे. तिला सर्वोच्च न्यायालयात आव्हान दिलेलं असून नोव्हेंबर 2025 मध्ये उशिराच्या कारणावरून दावे फेटाळू नयेत असा अंतरिम आदेश झाला. तेव्हा उशीर झालेल्यांनी हातपाय गाळू नयेत. पण ज्यांचे सहा महिने शिल्लक आहेत त्यांनी त्या आदेशाच्या भरवशावर राहू नये.

'खड्ड्यात पडलं, तर कुणावर दावा करणार?'

रस्ता ज्याचा, त्याच्यावर. ऑक्टोबर 2025 मध्ये मुंबई उच्च न्यायालयानं खड्डे आणि उघड्या मॅनहोलमुळे मृत्यू झाल्यास 6 लाख आणि जखमींना 50,000 ते अडीच लाख भरपाई ठरवून दिली. महापालिका हद्दीत आयुक्त आणि जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाचे सचिव यांच्या समितीनं ती ठरवायची आहे.

'पैसे मिळाले तरी वकील निम्मे घेणार'

निकालाच्या रकमेत हिस्सा ठरवून फी घेणं बार कौन्सिलच्या नियमांत बसत नाही. 'टक्क्यांवर' काम सर्रास चालतं हे खरं, पण ते अधिकृत नाही. जखमी मुलाचा दावा आई किंवा वडील पालक म्हणून चालवतात. सातबाऱ्यावर अज्ञान मुलापुढे पालकाचं नाव 'अ.पा.क.' म्हणून असतं ना, तसंच. मात्र मुलाची रक्कम साधारणपणे त्याच्या नावानं बँकेत मुदत ठेवीत राहते आणि अठराव्या वर्षी हाती येते. उपचारासाठी मधे लागली तर न्यायाधिकरणाकडे अर्ज करून काढता येते. लोकअदालतीत तडजोड करायची असेल तर आकडा नीट समजून घ्यावा, कारण त्या निवाड्यावर अपील नसतं.

फी परवडत नसेल तर शिवाजीनगर न्यायालयाच्या आवारातच पुणे जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाचं कार्यालय आहे. 1987 च्या विधी सेवा कायद्याप्रमाणे स्त्रिया आणि मुलांना मोफत वकील मिळतो. त्यासाठी उत्पन्नाची अट नाही, म्हणजे तहसीलच्या दाखल्यासाठीही थांबावं लागत नाही. अर्ज आईच्या नावानं केला तरी चालतो.